डबा बरोबर घरी कसा जातो?

सकाळची नऊ-दहाची वेळ. मुंबईच्या एका उपनगरात एक माणूस सायकलवरून येतो. डोक्यावर पांढरी टोपी. दारातून हाक मारतो, "ताई, डबा!" ताई भाजी-पोळीचा डबा हातात देतात. तो काही विचारत नाही. दुपारी तोच डबा पंचवीस-तीस किलोमीटर दूर, त्यांच्या यजमानांच्या कचेरीत पोचतो. जेवण झाले की रिकामा डबा संध्याकाळच्या आत घरी परत येतो.

हे डबेवाले कोण? बहुतेक मावळ, खेड, आंबेगाव, जुन्नर इकडचे. म्हणजे आपल्यासारखेच शेतकरी. महादू हावजी बच्चे यांनी १८९० साली हे काम सुरू केले. १९५६ साली डबेवाल्यांनी आपली संस्था नोंदवली.

एक डबा एकच माणूस नेत नाही, बरं का. घरून आणणारा एक, गाडीत चढवणारा दुसरा, कचेरीत देणारा तिसरा. स्टेशनावर डबे उतरतात, वेगळे होतात, पुन्हा चढतात. लांब लाकडी पाटीत तीस-चाळीस डबे. ती पाटी डोक्यावर! लोकल गाडी थांबते क्षणभर. तेवढ्यात सगळे चढले पाहिजे.

मग डबा चुकत कसा नाही? झाकण पाहा. त्यावर रंगाने खुणा काढलेल्या असतात. मधे मोठा आकडा, तो डबा कोणत्या भागात उतरवायचा ते सांगतो. कडेच्या खुणा इमारत आणि मजला सांगतात. आणखी एक खूण सांगते, डबा आला कुठून. त्यामुळे तो बरोबर त्याच घरी परत जातो. पूर्वीच्या पुष्कळ डबेवाल्यांना वाचता येत नव्हते. तेव्हा रंगीत दोरे बांधत. खूण थोडी आणि ठळक ठेवली, म्हणून घाईतही कळते. पूर्ण पत्ता लिहिला असता तर गाडी निघून गेली असती!

पण नुसत्या खुणेने काम होत नाही. खूण कोणीही काढील. सव्वाशे वर्षांहून जास्त काळ ते नीट चालले, याचे कारण माणसांच्या बांधणीत आहे.

पंधरा-वीस-पंचवीस जणांची एक टोळी असते. वर एक मुकादम. तोही पूर्वी डबेच वाहणारा. टोळीचे पैसे एकत्र जमतात. खर्च वजा जाता सगळ्यांना सारखा वाटा. म्हाताऱ्यालाही तेवढाच, तरुणालाही तेवढाच. गिऱ्हाईक तुटले तर नुकसान सगळ्यांचे. म्हणून शेजाऱ्याचा डबा राहिला तर "माझा नव्हता" असे कोणी म्हणत नाही. त्यातून टोळीत भावकी, गाववाले. आळस केला तर बातमी गावापर्यंत जाते! ही लाज दंडापेक्षा मोठी, असे मला वाटते. दंडही आहेच. कामावर टोपी नसली, दारू पिऊन आला, तर पैसे भरावे लागतात.

दर टोळीत दोन-चार माणसे जास्तीची ठेवतात. कोणी आजारी पडला, सायकल मोडली, की त्यातला एक धावतो. हा खर्च फुकट वाटेल. पण त्यामुळेच एकाची अडचण गिऱ्हाइकाच्या ताटापर्यंत जात नाही. चैत्रात गावच्या जत्रेला मात्र सगळे मिळून सुटी घेतात. गिऱ्हाइकांना ते आधीच ठाऊक असते.

चूक कधीच होत नाही का? होते. माणूसच तो. वर्तमानपत्रांत "कोटीत एक चूक" असे छापून येते. ते कोणी मोजले, देव जाणे! पण चूक क्वचित होते, हे गिऱ्हाईकच सांगते.

२०२० साली मार्चमध्ये करोनाच्या साथीने लोकल गाड्या थांबल्या. डबे थांबले. माणसे गावी परतली. कोणी शेतीला लागला, कोणी रिक्षा धरली. पुढे गाड्या सुरू झाल्या, पण पुष्कळ कचेऱ्यांतले लोक घरूनच काम करू लागले होते. डबे कमी झाले. काही माणसे मुंबईला परत गेलीच नाहीत. जे गेले, त्यांनी पुन्हा टोळी जमवली आणि उरलेल्या डब्यांचा सारखा वाटा केला.