फटफटीवरचे बोलणे

गेल्या वैशाखात मी आणि माझा भाचा दोन फटफट्यांवरून कुंभार्ली घाट उतरत होतो. दोघांच्याही हेल्मेटात एकमेकांशी बोलण्याचे बिनतारी यंत्र होते. तो पुढे, मी मागे. अर्ध्या घाटात माझे मागचे चाक पंक्चर झाले. मी ओरडलो, "थांब!" त्याला ऐकू आले, "लांब?" "नाही मामा, आता फार लांब नाही," असे उत्तर देऊन पठ्ठ्या निघून गेला. भर उन्हात मी तासभर दगडावर बसून होतो. आज या गोष्टीचे हसू येते. पण समोर दरड पडली आहे असे त्याने सांगितले असते आणि मी भलतेच ऐकले असते, तर?

'थांब'चे 'लांब' का व्हावे? हे दोन्ही शब्द मोठ्याने म्हणून पाहा. फरक काय तो पहिल्या व्यंजनाचा. बोलण्यातला जोर असतो स्वरांत, पण शब्दाचा अर्थ पुष्कळदा ठरतो व्यंजनावर. आणि व्यंजन बिचारे दुबळे, क्षणभराचे. गोंगाट आधी त्यालाच गिळतो. साधे बोलणे हातभर अंतरावर साठ-पासष्ट डेसिबलचे असते. ताशी 100 किलोमीटर वेगाला हेल्मेटातला वाऱ्याचा आवाज 95 डेसिबलच्या घरात जातो.

माणसाचे मन जत्रेतसुद्धा आपल्या लेकराची हाक नेमकी निवडते. मायक्रोफोनला मन नाही. जे येईल ते तो निमूटपणे पुढे पाठवतो. म्हणून निवड आपणच करून द्यायची.

पहिली गोष्ट जवळिकीची. तोंड आणि मायक्रोफोन यांतले अंतर निम्मे केले, की आपल्या आवाजाचा दाब तिथे जवळजवळ दुप्पट होतो, म्हणजे 6 डेसिबलने वाढतो. वाऱ्याचा गोंगाट मात्र होता तेवढाच राहतो. चार बोटांवरचा मायक्रोफोन एका बोटावर आणला, तर केवढा लाभ होईल, याचा हिशेब आपणच करा.

पण जवळ आणला की दुसरे संकट उभे राहते, ते श्वासाचे. तळहात ओठांपुढे धरून आधी 'मामा' म्हणा, मग 'फणस', 'भाकरी' म्हणा. हाताला फुंकर लागली ना? शिक्षक बंधुभगिनींनी हा प्रयोग कागदाची पट्टी धरून वर्गात अवश्य करावा. वारा म्हणजे हवेचे वाहणे आणि ध्वनी म्हणजे हवेचे कापणे, हा भेद मुलांना लगेच कळेल. मायक्रोफोनवर फुंकर आदळली, की 'भप्प' असा आवाज होऊन शब्द बुडतो. म्हणून तो ओठांच्या अगदी समोर न ठेवता कोपऱ्याशी ठेवावा आणि त्यावर स्पंजची टोपी असावी. दारावरचे गोणपाट वारा अडवते, पण पलीकडचे बोलणे आत येऊ देते. स्पंजचे काम तसेच आहे. तो श्वासाने ओला झाला तर वाळवावा, फाटला तर बदलावा.

तिसरी गोष्ट तोंड कुठे करायचे याची. 1962 साली अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत जेम्स वेस्ट आणि गेऱ्हार्ड सेस्लर यांनी इलेक्ट्रेट मायक्रोफोन तयार केला. त्यातूनच पुढे हरभऱ्याएवढे स्वस्त मायक्रोफोन निघाले. काही मायक्रोफोनांना पुढे आणि मागे अशी दोन्हीकडे भोके असतात. दूरचा गोंगाट दोन्ही बाजूंनी जवळजवळ सारखाच येतो आणि बराचसा आपसांत फिटतो. जवळचे बोलणे एका बाजूने जोरात येते, म्हणून उरते. असा मायक्रोफोन उलटा बसवला किंवा त्याचे मागचे भोक चिकटपट्टीने बुजवले, तर सारी करामत फुकट गेली. खुणेची बाजू ओठांकडेच हवी.

मायक्रोफोन कठीण कवचाला चिकटवू नये. गाडीची थरथर त्यात उतरते. मऊ अस्तराला लावावा. मात्र एक सांगणे कळकळीचे आहे. जागा करण्यासाठी आतला थर्मोकोलसारखा थर कधीही कोरू नका. डोके वाचवतो तो हाच थर. आयएसआय खुणेच्या वर 4151 हा मानक-क्रमांक असतो, तो पाहून घेतलेले हेल्मेट आपणच कोरायचे, हे शहाणपण नव्हे. हनुवटीखालची फट कापडी पडद्याने झाकली आणि समोरची काच लावली, तरी पुष्कळ वारा बाहेर राहतो.

आणि ओरडू नका. गोंगाटात माणूस नकळत आवाज चढवतो, हे एतिएन लोंबार या फ्रेंच वैद्याने 1911 साली दाखवून दिले. पण ओठांजवळच्या मायक्रोफोनला आरडाओरडा झेपत नाही; आवाज फाटतो. सावकाश, नेहमीच्याच सुरात बोलावे. टेलिफोन आला, तर मात्र गाडी कडेला घेऊन मगच बोलावे.

भाच्याने आणि मी आता एक नियम केला आहे. नुसते 'थांब' म्हणायचे नाही. "गाडी उभी कर" असे पुरते वाक्य म्हणायचे आणि ऐकणाऱ्याने ते परत म्हणून दाखवायचे. यंत्र कितीही सुधारले, तरी समोरच्याला कळले की नाही हे विचारून घ्यावेच लागते. वर्गात शिकवताना आपण दुसरे काय करतो?