दोष पुन्हा बोलावताना

पान ८६ वर जाहिरातीची चौकट सरकवता सरकवता सगळं थांबतं. माउसचा बाण फिरतोय, पण क्लिक कुठेच लागत नाही. ताईंचा हात सवयीनं रिस्टार्टच्या बटणाकडे जातो, तेवढ्यात मागे उभे असलेले दादा म्हणतात, "थांबा ताई. समोर आलाय तर बघू द्या जरा."

ते की-बोर्डवरचं नम लॉक दाबतात. दिवा विझतो. पुन्हा दाबतात, दिवा लागतो. मग गुडघ्यावर बसून कॅबिनेटला कान लावतात. समोरचा लाल दिवा एरवी लुकलुकत असतो, आता तो एकसारखा पेटलेला आहे. आतून 'टक्' असा आवाज येतो आणि पाठोपाठ हार्ड डिस्कची मोटर नव्यानं वेग घेत असल्याची बारीक घरघर. थोड्या वेळानं चौकट जागची हलते, काम पुढे सुरू होतं.

"मशीन मेलं नव्हतं," दादा उठता उठता सांगतात. "नम लॉक ऐकत होतं ना? ते डिस्ककडून उत्तर यायची वाट बघत होतं. आता डिस्क मध्येच का गप्प बसली, ते शोधायचं."

अप्पा बळवंत चौकाजवळच्या एका गल्लीत, पहिल्या मजल्यावर, दोन टेबलांची ही डीटीपीची खोली आहे. सप्टेंबर संपत आलाय. खाली पुस्तकांच्या दुकानांत गर्दी आहे आणि वर दिवाळी अंकांची पानं लागतायत. त्यातल्या एका अंकाचं संपादन माझ्याकडे आहे. प्रुफांचा गठ्ठा मांडीवर घेऊन मी स्टुलावर बसलोय, पण लक्ष सगळं त्या कॅबिनेटकडे आहे.

गेला महिनाभर हे मशीन मनात येईल तेव्हा हँग होतं आणि मनात येईल तेव्हा आपोआप रिस्टार्ट होतं. आधी आलेल्या एका मुलानं फॉरमॅट मारून दिलं. काही दिवस बरे गेले, मग पुन्हा तेच. दुसऱ्यानं रॅम काढून तिच्या पट्ट्या खोडरबरानं घासल्या. तिसऱ्यानं नवीन मशीन घ्या म्हणून सांगितलं. ते इतकं सोपं नाही. ताईंची जुनी कामं पेजमेकर ७.० मध्ये आहेत. २००१ साली आलेली ती त्या सॉफ्टवेअरची शेवटची मोठी आवृत्ती. मराठी फाँटचं जुनं पॅकेज मागे खोचलेल्या लॉकवर चालतं. वर्षानुवर्षांच्या लग्नपत्रिका, स्मरणिका, कवितासंग्रह या डब्यात आहेत आणि गिऱ्हाईक दुरुस्त्या घेऊन परत येतं, तेव्हा ती फाइल जशीच्या तशी उघडावी लागते.

म्हणून दादांनी सकाळचा पहिला तास बॅकअपला दिलाय. "दुरुस्ती नंतर. आधी अंक बाहेर काढू," एवढंच ते म्हणाले, आणि सगळ्या फाइली बाहेरच्या डिस्कवर उतरल्याशिवाय त्यांनी स्क्रूड्रायव्हरला हात लावला नाही.

आता ते ताईंची वही मागतात. फोनवर बोलणं झालं तेव्हाच त्यांनी ती ठेवायला सांगितली होती. शंभर पानी वहीत ताईंनी पट्टीनं रकाने आखलेत: वेळ, काय चालू होतं, काय झालं. "आता मशीनची वही उघडू," म्हणत दादा इव्हेंट व्ह्यूअर उघडतात. लांबलचक यादीत लाल खुणा दिसतात. कर्नल-पॉवर, ४१. मशीन रीतसर बंद न होता पुन्हा सुरू झालं, असा त्या नोंदीचा अर्थ. तपशिलात बगचेककोडपुढे ० आहे.

"या शून्यात काय एवढं?" मी विचारतो.

"सर, ड्रायव्हर किंवा विंडोजच कोसळली, तर निळा पडदा येतो आणि कोड लिहिला जातो. निळा पडदा आला तर तो टिकावा म्हणून मी ताईंना आपोआप रिस्टार्टची खूण काढायला लावली होती. यांना तो एकदाही दिसला नाही. कोडही शून्य. म्हणजे विंडोजला काही लिहायला वेळच मिळाला नाही. बहुतेक वीज तुटते किंवा रिसेट बसतो. अजून नक्की नाही."

लाल खुणांच्या मधे मधे पिवळ्या आहेत. स्टोरएएचसीआय, १२९. डिस्क उत्तर देईना म्हणून तिला रिसेट पाठवल्याची ही नोंद. ताई वहीतून वाचतात, दादा पडद्यावर बोट फिरवतात.

"सोमवार, तीन दहा. हँग."

"आहे."

"मंगळवार, बारा पाच. पीडीएफ काढताना. हँग, मग रिस्टार्ट."

"पिवळी आहे. खाली लाल पण आहे."

दोन वह्या ओळीओळीनं जुळत जातात. ज्याला आम्ही सगळे लहर म्हणत होतो, त्याला हळूहळू आकार येतोय. पीडीएफ काढताना, मोठे फोटो बसवताना, म्हणजे प्रोसेसर आणि डिस्क दोघांनाही एकदम काम पडतं तेव्हा मशीन दगा देतं. काल रात्री मात्र ते रात्रभर चाललं. दादांच्या सांगण्यावरून ताईंनी पेन ड्राइव्हवरून मेमटेस्ट लावून ठेवली होती. सकाळी पडद्यावर एरर शून्य.

"त्यातून दोन गोष्टी कळल्या," दादा म्हणतात. "रॅमवरचा संशय जवळपास गेला. आणि डिस्कला काम नसताना मशीन टिकतं."

ते वहीच्या नव्या पानावर संशयितांची यादी करतात: उष्णता, डिस्क, घरातली वीज, यूपीएस, एसएमपीएस (मशीनच्या आतला वीज पुरवणारा डबा), मदरबोर्ड. एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि बदलली की पुन्हा तेच काम करून बघायचं, हा त्यांचा नियम. ताई शक्य तेवढा धीर धरून बघतायत. फोन वाजतो, कुणाला तरी त्या "संध्याकाळपर्यंत" म्हणून सांगतात.

कॅबिनेट गॅलरीत जातं. ब्लोअरनं धुळीचा लोट निघतो. हीटसिंकच्या चार पिना दादा एकेक दाबून बघतात, चारही पक्क्या आहेत. परत आणून चालू केल्यावर कामाच्या भरात प्रोसेसरचं तापमान ७२ अंशांवर थांबतं. हा चौथ्या पिढीचा आय-फाइव्ह आहे. शंभरीच्या आसपास गेल्यावर असा प्रोसेसर आधी स्वतःच आपला वेग कमी करतो, ती वेळ इथे आलेलीच नाही. तरीही पीडीएफ काढताना तो 'टक्' ऐकू येतो. उष्णतेवर काट.

क्रिस्टलडिस्कइन्फोत डिस्कची तब्येत दिसते. निकामी होऊन बदललेले सेक्टर शून्य, रांगेत असलेले शून्य. डेटा केबल खराब असती तर सी७ चा आकडा वाढला असता, तोही शून्य. सी० चा आकडा मात्र मोठा आहे. चालू असतानाच वीज गेल्यामुळे डिस्कला घाईनं आपलं हेड मागे घ्यावं लागलं, त्या वेळांची ही मोजणी. दादा त्याच्याखाली रेघ ओढतात. "डिस्क तक्रार करतेय. बिघाड तिच्यात नसावा."

भिंतीच्या सॉकेटला मल्टिमीटर २२९ व्होल्ट दाखवतो. न्यूट्रल आणि अर्थमध्ये दीड व्होल्ट, म्हणजे अर्थिंगही ठीक. यूपीएस बाजूला करून मशीन थेट भिंतीला जोडतात. दोष तसाच. आणखी दोन काट.

आता दादा बॅगेतून पेन ड्राइव्ह काढून प्राइम९५ चालू करतात. मुळात हा प्रोग्राम मर्सेन मूळसंख्या शोधण्यासाठी लिहिलेला. त्या प्रचंड आकडेमोडीत प्रोसेसर पूर्ण ताकदीनं राबतो, म्हणून मशीनची परीक्षा घ्यायलाही तो वापरतात. जोडीला ते फोटोंचं मोठं फोल्डर कॉपीला लावतात. एका मोकळ्या प्लगमध्ये मीटरची काळी पिन काळ्या वायरला आणि लाल पिन पिवळ्या वायरला लावलेली आहे. पिवळी म्हणजे १२ व्होल्ट. मशीन नुसतं चालू असताना १२.०२ होते. आता आकडा उतरतोय. ११.८०. ११.७१. ११.६३.

"कितीपर्यंत चालतं?" ताई विचारतात.

"पाच टक्के इकडे-तिकडे. ११.४ ते १२.६."

"मग हे तर नियमात आहे की!"

दादा काही बोलत नाहीत. कॉपी निम्म्यावर आलीय. टक्. पडदा काळा. क्षणभरानं मदरबोर्डचा लोगो. मीटर मधल्या वेळात ११.६ च्या खाली गेलेलाच नाही.

"मीटर सेकंदाला दोन-तीनदाच वाचतो," दादा आता सांगतात. "घसरण त्याच्यापेक्षा खूप लहान असते. ती त्याला दिसणारच नाही."

त्यांचं म्हणणं मी वहीत उतरवून घेतो. एसएमपीएसमधले कॅपॅसिटर म्हणजे गच्चीवरची टाकी. वरून येणारं थोडं कमीजास्त झालं, खाली एकदम सगळे नळ उघडले, तरी टाकी भरलेली असेल तर धार तुटत नाही. कॅपॅसिटर जुने झाले की ही साठवण घटते. उष्णता त्यांची वैरी. तापमान दहा अंशांनी वाढलं की त्यांचं आयुष्य साधारण निम्मं होतं आणि या एसएमपीएसचा पंखा तर धुळीनं माखलेला होता. व्होल्टेज फार घसरलं की एसएमपीएस करड्या वायरवरचा 'पॉवर गुड' हा इशारा काढून घेतो. तो गेला की मदरबोर्ड सगळं थांबवून नव्यानं सुरुवात करतो, म्हणजेच रिस्टार्ट. घसरण त्याहून लहान असेल तर मदरबोर्ड तग धरतो, पण डिस्कची मोटर अडखळते, म्हणजेच हँग. दोन दुखणी, कारण एक.

"मग सापडलं!" मी म्हणतो.

"जुळतंय, सर. सापडलं असं अजून नाही म्हणता येत."

ते पिशवीतून स्वतःचा चालू स्थितीतला एसएमपीएस काढून जोडतात. बाकी काहीही बदलत नाहीत. तीच डिस्क, तेच सॉकेट, तेच फोल्डर, तीच आकडेमोड. कॉपी संपते. पुन्हा लावतात, पुन्हा संपते. चहा येतो, कप रिकामे होतात. मीटर ११.९६ वर स्थिर आहे. महिन्याभरात पहिल्यांदाच ताई खुर्चीला पाठ टेकून बसलेल्या दिसतात.

आणि दादा मशीन बंद करून जुना एसएमपीएस पुन्हा लावायला घेतात.

"अहो दादा!" ताई उभ्या राहतात. "चाललंय ना आता? परत तो कशाला?"

"ताई, वायरी काढून लावताना एखादा सैल प्लग घट्ट बसला असेल, आणि त्यानंच बरं वाटत असेल तर? मी तुम्हाला नवीन एसएमपीएस घ्यायला लावणार, आणि ऐन छपाईच्या वेळी तो प्लग पुन्हा सैल होणार. जुना लावल्यावर दोष परत आला, तर दोष त्याचाच. नाही आला, तर मी चुकीच्या माणसाला पकडलंय."

जुना एसएमपीएस जागेवर बसतो. तीच आकडेमोड, तेच फोल्डर. खोलीत कुणी बोलत नाही. मी मीटरकडे बघायचं सोडून दिलंय, मीही आता आवाजाकडेच कान लावलाय. फार थांबावं लागत नाही. टक्. पडदा काळा. दादा वहीत वेळ लिहितात आणि यादीतल्या एसएमपीएसभोवती गोल करतात.

मला या माणसाबद्दल मनापासून आदर वाटतो. हातात आलेलं यश त्यांनी स्वतःहून मोडून पाहिलं. आधी येऊन गेलेल्यांनीही काही ना काही केलंच होतं आणि प्रत्येकाच्या उपायानंतर मशीन थोडे दिवस चाललंही होतं. पण चालू लागलं म्हणजे कारण कळलं असं नव्हे. जो दोष मनाला येईल तेव्हा येतो, तो मनाला येईल तेव्हा जातोही, आणि जाताना शेवटी जो कुणी हात लावून गेला त्याला श्रेय देऊन जातो. तो आपण बोलावल्यावर आला, घालवल्यावर गेला आणि पुन्हा बोलावल्यावर पुन्हा आला, तरच तो आपल्याला समजला. प्रयोगशाळेत ही शिस्त पाळली जाते हे मला ठाऊक होतं. दुरुस्तीच्या धंद्यात, एका गिऱ्हाइकाचे पैसे उगाच जाऊ नयेत म्हणून ती पाळली जाताना मी पाहतोय.

इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांची तपकीर गल्ली इथून चालत जाण्याइतकी जवळ. दादा जाऊन ४५० वॉटचा नवा एसएमपीएस घेऊन येतात, बसवतात, त्यावर आजची तारीख लिहिलेली चिठ्ठी चिकटवतात आणि तीच परीक्षा पुन्हा घेतात. ती पार पडते. जुना उघडून बघावा असं मला वाटतं, मी तसं म्हणतोही. ते ठाम नकार देतात. प्लग काढल्यावरही आतल्या मोठ्या कॅपॅसिटरमध्ये सव्वातीनशे व्होल्टपर्यंत दाब शिल्लक असू शकतो, तो जिवावर बेतू शकतो. जाळीतून टॉर्च मारून ते मला बाहेरूनच दाखवतात: ओळीतल्या दोन कॅपॅसिटरची सपाट डोकी फुगून वर आलीत. हा डबा आता ई-कचऱ्यात जाईल.

ताई पाकीट काढतात.

"एसएमपीएसचे आज द्या," दादा वही त्यांच्याकडे सरकवत म्हणतात. "मजुरी आठ दिवसांनी. तोवर वही चालू ठेवा. काही लिहावं लागलं नाही, तर घ्यायला येईन."

"आणि लिहावं लागलं तर?"

"तर माझं काम राहिलंय. लगेच फोन करा."