पेशीच्या सांगाड्यावर शिगेलाचा कब्जा

शौचातून आव आणि रक्त पडू लागले की त्यामागे अनेकदा शिगेला हा जिवाणू असतो. जपानमधल्या एका साथीत, १८९७ साली, कियोशी शिगा यांनी तो शोधला. पोहायला त्याला शेपटी नसते. तरीही तो आतड्याच्या एका पेशीतून दुसरीत शिरतो, आणि त्यासाठी लागणारे बळ पेशीकडूनच घेतो.

पेशीला आकार देणारा सांगाडा हाडांसारखा कायमचा नसतो. अ‍ॅक्टिन या प्रथिनाचे धागे त्यात सतत जुळतात, सुटतात. शिगेला सुईसारख्या यंत्रणेतून आपली प्रथिने पेशीत सोडतो. त्यामुळे तिथले अ‍ॅक्टिन नव्याने रचले जाते, पेशीचा पडदा वर उचलला जातो आणि पेशीच जिवाणूला आत ओढून घेते.

पुढची युक्ती तर थक्क करणारी आहे. जिवाणूच्या एका टोकावरचे प्रथिन पेशीतली अ‍ॅक्टिन-जोडणीची यंत्रणा तिथे खेचून आणते. मागे धागे भराभर वाढतात आणि त्यांच्या रेट्याने जिवाणू थेट शेजारच्या पेशीत घुसतो. पेशींबाहेर यावेच लागत नसल्याने प्रतिपिंडे त्याला गाठू शकत नाहीत. पेशीही प्रतिकार करते: सेप्टिन प्रथिनांचा पिंजरा उभारून काही जिवाणूंना जागीच अडकवते.

लहान मुलांना जुलाब लावणारा ई. कोलाय या जिवाणूचा एक प्रकारही अ‍ॅक्टिन वापरतो, मात्र तो पेशीबाहेरच थांबतो. पेशीत तो स्वतःचेच एक प्रथिन रोवतो, त्यालाच घट्ट चिकटतो आणि आपल्याखाली अ‍ॅक्टिनचा चौथरा उभा करून घेतो.