गंगेवरचं अंगण

जुनी नाशिककर मंडळी गोदावरीवर जात नाहीत, 'गंगेवर' जातात. पाडवा जवळ आला की याच गंगेवर, गोदाघाटाच्या पाडवा पटांगणावर, नववर्ष स्वागत यात्रा समितीची महारांगोळी उमटते. ढोलपथकांचं महावादन असतं, गाण्या-नृत्याचा 'अंतर्नाद' असतो, गर्दी त्यांनाही होते. माझे पाय मात्र रांगोळीपाशी थांबतात. शेकडो बायका एकाच चित्रावर ओणवलेल्या असतात आणि खाली कुणा एकीची सही नसते.

या घाटाला चित्रकारांचा सहवास नवा नाही. शिवाजी तुपे यांनी इथेच बसून देवळं, पायऱ्या, पाणी जलरंगात उतरवलं. कागद वाळायच्या आत निर्णय घ्यायचा, तोही एकट्याने. रांगोळी रेखणारीला मात्र शंभर अनोळखी हातांचा विचार आधी करावा लागतो. एकीची रेघ जाड, दुसरीची केसासारखी. म्हणून आकृती अशी बेतायची, की हा फरक तिच्यात सामावून जावा. मला तर खरी प्रतिभा इथेच दिसते.

मूळ आराखडा ग्राफपेपरवर असतो. कागदावरचा एक चौकोन म्हणजे जमिनीवरचा एक फूट, असं काहीतरी प्रमाण धरायचं. पटांगण झाडून घेतलं की खडूची भुकटी लावलेली दोरी दोघी दोन टोकांना ताणून धरतात, तिसरी मधोमध उचलून सोडते आणि जमिनीवर सरळ रेघ पडते. वर्तुळाला खिळा आणि सुतळी पुरते. रंग चाळणीने भुरभुरतात, म्हणजे थर सारखा बसतो. त्यावर पांढरी रांगोळी: चिमटीतून बारीक रेघ, पाची बोटांतून जाड. केंद्रवर्धिनी, सर्परेषा, शृंखला, गोपद्म ही संस्कार भारतीच्या रांगोळीतली चिन्हं इथल्या बहुतेकींच्या बोटांत बसलेली आहेत. काम मधून बाहेर सरकतं, नाहीतर भरलेल्यावरच पाय पडायचा. उन्हापेक्षा भीती वाऱ्याची. एक मावशी रेघ ओढताना श्वास धरायच्या आणि रेघ संपली की सोडायच्या. बराच वेळ मी फक्त तेवढंच बघत होतो.

व्यक्तिचित्राची रांगोळी हे आणखी वेगळं प्रकरण. तिथे 'लेक' नावाचे रंग लागतात आणि गालावरची सावली थरांच्या जाड-पातळपणातून येते. ते एकट्याने, बंद खोलीत करायचं काम. घाटावर ते टिकणार नाही.

ही कला जुनी आहे. वात्स्यायनाच्या चौसष्ट कलांत तांदूळ आणि फुलांच्या रचना आहेत. बाराव्या शतकात चालुक्य राजा सोमेश्वराच्या 'मानसोल्लासा'त धूलिचित्राचा उल्लेख येतो. तरी महारांगोळीचं सगळ्यात जवळचं नातं आहे ते चैत्रांगणाशी. चैत्र शुद्ध तृतीयेला चैत्रगौर बसली, की अक्षय्य तृतीयेपर्यंत रोज दारात सूर्य, चंद्र, शंख, कासव, तुळशीवृंदावन, गौरीचा पाळणा काढायचा. त्यासाठी अंगण लागतं, सारवलेलं. वाडे पडले, इमारती उभ्या राहिल्या आणि उंबऱ्यापुढे दोन फरशांची जागा उरली. तिथे रांगोळीचे स्टिकर चिकटवणाऱ्यांना दोष कसा द्यायचा? हात विसरले नव्हते, जमीन गेली होती. पाडवा पटांगणाने ती परत दिली, आणि एका घराला नव्हे, सगळ्या शहराला. सार्वजनिक कला म्हटलं की आपल्याला चौकातला पुतळा आठवतो. तो आपण बघतो. रांगोळी आपण काढतो.

ती टिकत नाही, हेही खरं. वारा, माणसांचे पाय, शेवटी झाडू. पावसाळ्यात तर दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीला वेढणारं पाणी याच घाटावर चढतं.

2027 च्या सिंहस्थ कुंभमेळ्यासाठी नाशिकमध्ये कामं निघाली आहेत. ती करताना गंगेवर एक सपाट, मोकळी, गाड्यांपासून राखलेली जागा रांगोळीसाठी ठेवावी, एवढी विनंती. आणि तुम्ही नाशिकचे असाल, तर पाडव्याआधीची एक सकाळ मोकळी ठेवा. चाळणी घरचीच न्या.