आधी ताट, मग गोळी

आमच्या स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयवर दीड वर्षापासून दोन हिशेब चालतात. तारखेच्या चौकोनात वर आईच्या अक्षरात दुधाच्या पिशव्या आणि खाली माझ्या अक्षरात मोत्यानं दिवसभरात प्यायलेलं पाणी. ८२०. ७६०. ९४०. सगळे आकडे मिलिलिटरमध्ये. एखाद्या चौकोनात 'पा. ६' असंही असतं. त्या दिवशी जिन्याच्या सहा पायऱ्या तो स्वतःच्या पायांनी चढलेला असतो.

मोत्या साडेतेरा वर्षांचा आहे. पांढरा इंडियन स्पिट्झ, ज्याला आपल्याकडे सरसकट पॉमेरियन म्हणतात. वजन बारा किलो. आम्ही दादरला जुन्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर राहतो. लिफ्ट नाही, चौतीस पायऱ्या आहेत. मोत्याला कुशिंगचा आजार आहे आणि त्याच्या मागच्या पायांतला जोर गेलेला आहे. ही दोन वेगवेगळी दुखणी आहेत असं मी बरेच दिवस धरून चालले होते.

सुरुवात भुकेपासून झाली. लहानपणापासून खाण्याच्या बाबतीत नखरे करणारा हा कुत्रा बाराव्या वर्षी एकदम ताट चाटूनपुसून साफ करायला लागला. आईला आनंद झाला. पोळीचा शेवटचा तुकडा त्याच्यासाठी बाजूला पडू लागला. पोट गोल झालं तर ती म्हणाली, "उतारवयात अंग धरलंय त्यानं." आम्ही सगळे तसंच समजत होतो. खातोय-पितोय म्हणजे तब्येत ठणठणीत, याच समजुतीवर आपल्या घरांत माणसंही वाढतात. मग कमरेवरचे केस दोन्ही बाजूंनी सारखेच विरळ झाले, शेपटीचा झुबका गेला. अंगाला खाज होती, म्हणून जवळच्या एका दवाखान्यात स्टिरॉइडची इंजेक्शनं दिली गेली. खाज थांबली. तहान मात्र दुप्पट झाली, आणि तो रात्री झोपेतच लादीवर लघवी करू लागला.

दुसऱ्या डॉक्टरांकडे गेलो तेव्हा त्यांनी विचारलं, "पाणी किती पितो?"

"खूप."

"खूप म्हणजे किती? तीन दिवस मोजून सांगा."

मोजण्याची सवय तिथून लागली. सकाळी जग भरून पाणी मापून भांड्यात ओतायचं, रात्री उरलेलं मोजून वजा करायचं. आकडे आले १६५०, १७२०, १७००. कुत्रा साधारणपणे वजनाच्या किलोमागे पन्नास-साठ मिलिलिटर पाणी पितो. शंभरच्या वर गेलं की काहीतरी बिघडलंय असं समजायचं. मोत्याचं एकशे चाळीस होत होतं.

त्याआधीच्या चार रात्री मी त्याचं पाण्याचं भांडं उचलून ठेवलं होतं. चांगल्या मनाच्या बऱ्याच लोकांनी तसं सुचवलं होतं: पाणी कमी प्यायला तर लघवी कमी करेल. प्रत्यक्षात क्रम उलटा असतो. कॉर्टिसॉल वाढलं की मूत्रपिंडांना पाणी राखून ठेवता येत नाही, ते बाहेर जातच राहतं, आणि कोरडं पडलेलं शरीर पाणी मागत राहतं. तो लघवी करतो म्हणून पितो. त्या चार रात्री तो रिकाम्या भांड्याच्या जागेपाशी उभा राहून लादी चाटत होता. ते आठवलं की आजही माझ्या घशाला कोरड पडते.

कॉर्टिसॉल हे संप्रेरक मूत्रपिंडांच्या वर बसलेल्या अधिवृक्क ग्रंथी तयार करतात. किती करायचं याचा हुकूम मेंदूच्या तळाशी असलेली पीयूषिका ग्रंथी देते. कुशिंग झालेल्या दहांतल्या आठ-साडेआठ कुत्र्यांमध्ये या पीयूषिकेत एक गाठ असते, बहुधा अगदी लहान, आणि तिच्यामुळे हुकूम थांबतच नाहीत. उरलेल्यांत गाठ अधिवृक्क ग्रंथीतच असते. दीर्घकाळ स्टिरॉइड दिल्यानंही हेच चित्र उभं राहतं. हार्वे कुशिंग हे अमेरिकेतले मेंदूचे शल्यविशारद. माणसांमधल्या या आजाराचं मूळ पीयूषिकेत असतं, हे त्यांनी १९३२ साली सविस्तर मांडलं. पुढे त्यांचं नाव कुत्र्यांच्या आजारालाही लागलं.

तपासणीसाठी परळला बैलघोडा हॉस्पिटलला गेलो. पाटीवर नाव बाई साकरबाईंचं आहे, पण दादर-परळची जुनी माणसं अजून बैलघोडाच म्हणतात. १८८६ सालचं पशुवैद्यकीय महाविद्यालय तिथे लागूनच आहे. सकाळी रक्त घ्यायचं, डेक्सामेथासोनचं छोटं इंजेक्शन द्यायचं, चार तासांनी पुन्हा रक्त, आठ तासांनी पुन्हा. निरोगी कुत्र्यात त्या इंजेक्शननं कॉर्टिसॉल दबतं आणि आठ तास दबलेलंच राहतं. आम्ही दिवसभर बाकावर होतो. शेजारी पायाला प्लास्टर घातलेली एक शेळी आणि तिचा मालक. त्यानं डब्यातली अर्धी भाकरी मला दिली, आणि मोत्याला काही द्यायचं नाही म्हटल्यावर स्वतःही पाठ वळवून जेवला. मोत्याचं कॉर्टिसॉल दबलं नाही. सोनोग्राफीत दोन्ही अधिवृक्क ग्रंथी सारख्याच मोठ्या दिसल्या. म्हणजे बिघाड वर, पीयूषिकेत.

औषध ट्रायलोस्टेन. कॉर्टिसॉल तयार होण्याच्या वाटेवरची एक पायरी ते काही तासांपुरती अडवतं. गाठीला त्याचा उपाय नाही, म्हणून ते जन्मभर द्यायचं. आम्ही गोळी म्हणतो, पण ती कॅप्सूल असते. ती फोडायची नाही, खाण्यासोबतच द्यायची, आणि गरोदर बाईनं तिला हात लावायचा नाही. माझी वहिनी तेव्हा सहाव्या महिन्यात होती, म्हणून ती आली की डबा कपाटाच्या वरच्या खणात जायचा. दहा-बारा दिवसांनी पहिली रक्ततपासणी, मग महिन्याने, मग दर तीन महिन्यांनी. औषध आणि तपासण्या मिळून महिन्याचा खर्च किराण्याच्या जवळपास जातो. ज्यांना तो झेपत नाही त्यांना मी एका शब्दानं नावं ठेवणार नाही.

तिसऱ्या आठवड्यात पाणी नऊशेवर आलं. रात्री लादी कोरडी राहू लागली. आणि त्याच आठवड्यात मोत्या लंगडायला लागला.

मी हादरले. औषधानं पाय गेले असंच वाटलं. डॉक्टरांनी त्याचा गुडघा दुमडून पाहिला, वाटी सरकते ती दाखवली, खुब्यातली करकर माझ्या बोटांना लावून दिली. हे सांधे कधीपासूनच झिजलेले होते. कॉर्टिसॉल म्हणजे शरीराचं स्वतःचंच स्टिरॉइड. ते भरमसाट असताना सांध्यांची सूज दबून राहिली होती, वेदना झाकली गेली होती. त्याच कॉर्टिसॉलनं मांडीचे स्नायू खाल्ले, गुडघ्याच्या दोऱ्या कमजोर केल्या, पण दुखू दिलं नाही. आता झाकण निघालं होतं. त्याचं लंगडणं ही औषध लागू पडल्याची खूण होती.

या आजारात खुणा अशा उलट्या लागतात. भूक हे दुखणं. गोल अंग हे सुकणं, कारण पोट पुढे येतं ते वाढलेल्या यकृतानं आणि पोटाचे स्नायू सैल पडल्यानं, आणि त्याच वेळी पाठीचा कणा हाताला लागत असतो. मूत्रमार्गात जंतुसंसर्ग झाला तरी ताप नाही, कुंथणं नाही, म्हणून कुत्रा हसऱ्या तोंडाचा दिसतो तेव्हाही लघवी तपासायला पाठवावी लागते.

हे सगळं मला कळलं असं वाटत होतं, तेवढ्यात आणखी एक खूण मी चुकीची वाचली. श्रावणातली सकाळ होती. मोत्यानं ताटातला अर्धा भात तसाच ठेवला आणि जाऊन झोपला. वर्षभर आमच्या प्रत्येक घासाकडे डोळे लावून बसणारा कुत्रा भात सोडून गेला, म्हणून आम्ही सुखावलो. आई म्हणाली, "चला, हाव सुटली एकदाची." मी लोण्याच्या गोळीत कॅप्सूल घालून ती त्याच्या जिभेवर ठेवली. संध्याकाळी त्याला उलटी झाली. रात्री नऊला तो मान उचलेना, हिरड्या फिक्या, पंजे गार. कॉर्टिसॉल गरजेपेक्षा खाली गेलं होतं, रक्तातलं सोडियम उतरलं होतं, पोटॅशियम चढलं होतं. सलाइन लागलं, आणि ज्या स्टिरॉइडला आम्ही इतके भ्यालो होतो तेच त्या रात्री शिरेतून द्यावं लागलं. पहाटे चारला त्यानं शेपूट एकदा हलवली. पाच दिवस औषध बंद राहिलं आणि नंतर कमी मात्रेनं सुरू झालं.

तेव्हापासून नियम एकच: आधी ताट, मग गोळी. ताट रिकामं झालं नाही तर गोळी द्यायची नाही, डॉक्टरांना फोन करायचा. फ्रिजवर कागद लावलाय.

पायांचं काम वेगळ्या प्रकारचं आहे. त्यात तर्क कमी, हात जास्त. आमच्याकडे मोझेकची जुनी लादी आहे, वर्षानुवर्षं पुसून आरशासारखी झालेली. तिच्यावर मोत्याचे मागचे पाय बाजूला फाकायचे आणि तो बसकण मारायचा. योगा मॅटच्या पट्ट्या कापून पलंगापासून पाण्याच्या भांड्यापर्यंत आणि तिथून दारापर्यंत वाट केली. गोधडीवर पाय ठरतो असं वाटतं, पण गोधडीच लादीवरून सरकते, म्हणून ती फक्त झोपायला. पंजाच्या गाद्यांमधले केस दर दहा दिवसांनी कातरायचे, नखं वाढू द्यायची नाहीत. नखांकडे बघायचं ते आणखी एका कारणानं. मधल्या दोन नखांची टोकं वरच्या बाजूनं घासलेली दिसली, तर तो चालताना पंजा ओढतोय. डोळ्यांना ते दिसण्याआधी नखावर दिसतं.

जिन्यासाठी आईनं तिच्या जुन्या सुती पातळाचा चौपदरी पट्टा करून दिला. पोटाखालून घ्यायचा, वर धरायचा, म्हणजे मागचा भार आपल्या हातात. हे सगळीकडे सांगतात. मोत्याला ते सोसेना. पट्टा नेमका त्या फुगलेल्या पोटावर, वाढलेल्या यकृतावर दाबला जायचा. शिवाय नर कुत्र्याची लघवीची जागाही तिथेच असते. तो तीन पायऱ्या उतरून थबकायचा आणि धार लागायची. मी त्याला घाई करायचे. महिन्यानं लक्षात आलं की मी त्याला पिळत होते. मग माझ्या मुलाची जुनी अर्धी जीन्स घेतली, पुढचा भाग कापून टाकला, मागचे दोन पाय तिच्या दोन पायांत घातले आणि कमरेला दोन बंद शिवले. आता भार ओटीपोटाच्या हाडांवर येतो, पोट मोकळं राहतं. चौतीस पायऱ्या उतरायला सात मिनिटं लागतात. चढताना शेवटच्या पायऱ्या त्याच्या, बाकी माझ्या. उचलायचं तर एक हात छातीपुढे, दुसरा मांड्यांमागे, पाठ आडवी. पोराला उचलतात तसं बगलेत धरून उचलायचं नाही.

संध्याकाळी व्यायाम. बैठकीतून उभं राहणं, पाच वेळा. उभा असताना कमरेला दोन बोटांनी हळूच डावीकडे, मग उजवीकडे ढकलायचं, म्हणजे तो तोल धरायला स्नायू वापरतो. मग मुलाचे क्रिकेटचे स्टंप वीतभर अंतरानं लादीवर चिकटपट्टीनं बसवायचे आणि मोत्याला त्यांवरून चालवायचं. प्रत्येक स्टंपपाशी पाय उचलावा लागतो, पाय कुठे आहे हे मेंदूला नव्यानं कळतं. सुरुवातीला दोन स्टंप ओलांडून तो दमायचा. परवा सहा झाले. वेदनेचं औषध डॉक्टर मूत्रपिंडांचा अहवाल बघून देतात. माणसांच्या दुखण्याच्या गोळ्या घरात आहेत म्हणून देऊ नका, हे मी भेटेल त्याला सांगते. त्या कुत्र्यांच्या जिवावर बेततात.

कातडी कांद्याच्या पापुद्र्यासारखी झाली आहे. रक्त घेतल्यावर आठ दिवस जांभळा डाग राहतो, चिकटपट्टी ओढली तर साल निघते. म्हणून दर चार तासांनी कूस बदलायची, कोपराखाली मऊ कापडाची चुंबळ ठेवायची, ओलं अंग लगेच टिपायचं. पावसाळ्यात तर अधिकच, कारण ओल्या जखमेवर माशी बसली की दोन दिवसांत किडे पडतात.

काल रात्री मी ऑफिसचं काम करत बसले होते. स्वयंपाकघरातून आईची हाक आली, "अगं, ताट बघ जरा."

मोत्यानं दोन घास ठेवले होते. आई ताटाशेजारी पाटावर बसली होती, गुडघ्यावर हात, कॅप्सूलची डबी पदरात झाकलेली. पूर्वीसारखं चला-हाव-सुटली वगैरे काही नाही. मी त्याची हिरडी दाबून पाहिली, बोट काढल्यावर लाली लगेच परतली. पंजे गरम होते. पाण्याचा आकडा रोजच्यासारखाच होता. आम्ही दोघी काही न बोलता थांबलो. पंख्याचा आवाज, आणि खाली रस्त्यावर कुणीतरी शटर ओढत होतं.

दहा मिनिटांनी मोत्या उठला. मागचे पाय दोनदा घसरले, तिसऱ्यांदा मॅटवर टेकले. तो ताटापाशी आला, उरलेले दोन घास खाल्ले आणि कडेला लागलेलं दहीही चाटलं.

"आता दे," आई म्हणाली, आणि पदरातून डबी काढून माझ्या हातात ठेवली.