पालेभाजी की सोयाबीन?

सटाण्यातील एका माउलीने मुलीचे रक्त कमी भरल्याने पालेभाजी बंद करून सोयाबीन सुरू केले. "ताकद त्यातच जास्त ना, डॉक्टर?" प्रथिने खरोखरच जास्त. शंभर ग्रॅम सोयाबीनमध्ये सुमारे ३६ ग्रॅम, मेथीत जेमतेम ४. अर्थात सोयाबीन कोरडे, मेथीत बहुतेक पाणीच! पण 'अ' व 'क' जीवनसत्त्वे सोयाबीनमध्ये फारच कमी. ती मेथी देते. लोह दोन्हींत आहे, मात्र ते अंगी लागण्यासाठी जेवताना लिंबू पिळावे, जेवणावर लगेच चहा घेऊ नये. कच्चे सोयाबीन पचत नाही. उकडून, वाळवून, भाजून नऊ किलो गव्हात एक किलो दळावे. मेथीची भाजी मी त्या मुलीला पुन्हा सुरू करायला सांगितली, आणि रक्त पुन्हा तपासायलाही.