औषधाच्या दुकानाची पारख

राहात्याच्या बाजारात आपण पेरू घेतो तो हाताने दाबून, वास घेऊन. औषधाचे तसे नाही. चांगले आणि वाईट औषध दिसायला सारखेच! 1986 साली मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात ग्लिसरॉल दिलेले 14 रोगी दगावले. त्यात डायएथिलीन ग्लायकॉल हे विष मिसळलेले होते. त्याने मूत्रपिंडे निकामी होतात. न्यायमूर्ती लेंटिन यांच्या आयोगाने या प्रकाराची चौकशी केली.

डोळ्यांना दिसत नाही, तिथे नियमांचाच आधार. 1940 च्या कायद्याप्रमाणे औषधे विकायला परवाना लागतो. तो गिऱ्हाइकाला दिसेल असा लावायचा असतो. डॉक्टरांच्या चिठ्ठीवरची औषधे नोंदणी झालेल्या फार्मासिस्टनेच द्यावीत, असे 1948 चा कायदा सांगतो.

आता साठवणीचे पाहू. आपल्याकडचा उन्हाळा कडक. न उघडलेले इन्सुलिन 2 ते 8 अंश सेल्सिअसमध्ये ठेवावे लागते. नुसता फ्रीज असून भागत नाही, तो रात्रीही चालू हवा. आणि बरे का, बर्फाच्या कप्प्यात गोठलेले इन्सुलिनही वायाच जाते.

पावती मात्र मागून घ्या. चार गोळ्या कापून घेतल्या, तर बॅच नंबर आणि मुदत पुष्कळदा दुकानातल्या पट्टीवरच राहते. उद्या ती बॅच सदोष ठरली, तर ओळखणार कशी? पावतीवरच्या नंबरावरून.

आणि चिठ्ठीशिवाय गोळी देत नाही, म्हणून दुकानदारावर रागावू नका. तो आपलीच काळजी घेत असतो.